मागनं रिकामी येत्या

कोल्हापुरात बसची वाट बघत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतं. गाडी येते, थांबा ओलांडून पंधरा-वीस पावलं पुढं जाऊन जरा हळू होते, दारातला कंडक्टर बाहेर वाकून हात हलवतो, "मागनं रिकामी येत्या, मागनं!" आणि गाडी निघून जाते. मागनं काही येत नाही. आली तर ती रिकामी नसते. धडधाकट माणूस एक शिवी हासडतो, वडापला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या गाडीला, हात करतो आणि कामावर पोचेपर्यंत विसरून जातो. मला ती पंधरा-वीस पावलं पळता येत नाहीत, आणि वडापच्या गर्दीत, पायाला आधाराला बांधलेल्या कॅलिपरचं गुडघ्यातलं कुलूप काढून पाय दुमडायला जागा नसते. त्यामुळं माझ्या लक्षात राहतं.

पायाचं एकदाच सांगून टाकते. दीड वर्षाची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. पोलिओ. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, उजव्या काखेत कुबडी, आणि तशीच मी गेली बावीस वर्षं फुलेवाडीहून शाहूपुरीला एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला जाते. आधी चोपड्यांवर, आता टॅलीवर. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, म्हणजे आमची जमात आता संपत आली. चांगलंच झालं. फक्त जमातीबरोबर कॅलिपर दुरुस्त करणारेही संपत चाललेत. माझ्या पट्ट्या चप्पल लाईनीतले एक मामा शिवून देतात. जन्म या गावातला, पण कोल्हापुरी चप्पल कधी पायात घातली नाही. कॅलिपरला बूटच लागतो. मामा दर वेळी म्हणतात, "एकदा तुमच्या मापाची करतो बघा." मी म्हणते, करा, भिंतीला अडकवते.

आणि हो, सरकारी कागदावर मी आधी अपंग होते, आता दिव्यांग आहे. त्यातलं दिव्य मला अजून घावलेलं नाही. इथं मी अपंगच लिहिणार. ज्यांना खटकेल त्यांनी मनातल्या मनात बदलून वाचावं.

तर बसमध्ये चढायचं कसं ते सांगते, कारण ते बघितलेल्या माणसालाही कळत नाही. कुबडी डाव्या हातात घ्यायची. उजव्या हातानं दारातला दांडा धरायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी, हा नियम लहानपणी डॉक्टरांनी शिकवलेला. उजवा पाय पायरीवर गेला की सगळं अंग एका हातानं वर ओढायचं, आणि कुलूप लावलेला डावा पाय काठीसारखा सरळ असल्यामुळं तो बाजूनं फिरवून वर आणायचा. तो आणताना बुटाचं टोक पायरीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला अडकतं. नेहमीच अडकतं. त्या एका सेकंदात मी कुठंच नसते, ना रस्त्यावर, ना गाडीत, फक्त दांड्याला लोंबकळत असते. मागचे लोक म्हणतात, "आवरा की वो मावशी." आणि नेमकी त्याच सेकंदाला घंटी वाजली तर?

गेल्या वर्षी जुलैत वाजली. गाडी कुणाची, कंडक्टर कोण, हे मी लिहिणार नाही. तो पोरगा नंतर स्वतः खाली उतरून रडवेला झाला होता. मी चिखलात बसले होते, गुडघ्याचं कुलूप तुटून वाकडं झालेलं, आणि डबा फुटून आमटी रस्त्यावर. लागलं फारसं नाही. पण त्यानंतरचे दीड महिने रिक्षानं गेले. जायचे ७०-८०, यायचे तेवढेच. महिन्याच्या शेवटी हिशेब मांडला, हिशेबाचीच बाई मी, आणि कळलं की कामाला जायला मी निम्मा पगार मोजतेय.

त्या रिक्षाच्या दिवसांतच आमची तिघांची मंडळी जमली. एक मी. दुसरे मास्तर, पेटी शिकवतात, जन्मापासून दिसत नाही. तिसरी पोरगी, विद्यापीठात एम.ए. करते, व्हीलचेअरवर असते. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेटायचं ठरलं. पोरीचे वडील तिला स्कूटरवरून आणतात, व्हीलचेअर मागून रिक्षानं येते, आणि मास्तर बसनं येतात, म्हणजे येण्याची वेळ ठरलेली नसते. मास्तरांची तक्रार पायरीची नाहीच. ते धडाधड चढतात. त्यांचं म्हणणं, गाडी बोलत नाही. पाटीवरचा नंबर दिवे लावून लखलखीत केला, पण त्यांना तो काय उपयोगाचा? ते "कुठली ओ?" असं ओरडून विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत गाडी हललेली असते. दोन गाड्या एकामागं एक लागल्या की मागची कुठली हे कळतच नाही. दिल्लीच्या आयआयटीनं यावर 'ऑनबोर्ड' म्हणून एक यंत्र केलंय: हातातलं बटण दाबलं की समोरच्या गाडीच्या दारातला स्पीकर नंबर बोलतो, आणि आवाजाच्या रोखानं दारही सापडतं. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दारातला कंडक्टर बोलला तरी चालंल की. त्येला बॅटरी लागत नाही."

पोरगी पुस्तकातली. कोल्हापूरची असल्यामुळं पोरगी असूनही "मी वाचलो, मी गेलो" असं बोलते. एका रविवारी भेळेचा कागद हातात धरून तिनं डेन्व्हरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं शहर. ५ जुलै १९७८. तिथल्या नव्या बसगाड्यांना व्हीलचेअर चढवायची लिफ्ट नव्हती, कोर्टात जाऊनही उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी सकाळी एकोणीस अपंग माणसं कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या दोन मोठ्या रस्त्यांच्या चौकात गेली आणि दोन बसच्या मागंपुढं व्हीलचेअर लावून बसली. काही जण खुर्चीतून उतरून रस्त्यावर आडवे झाले. रात्रभर तिथंच. 'आम्ही बसनं जाणार' एवढीच घोषणा. त्यातूनच पुढं १९८३ मध्ये 'अडॅप्ट' ही चळवळ उभी राहिली, तिनं गावोगावी बस अडवल्या, आणि २६ जुलै १९९० ला अमेरिकेत अपंगांच्या हक्काचा कायदा झाला. नवी बस घ्यायची तर व्हीलचेअर चढलीच पाहिजे, असं त्यात आलं.

तारीख ऐकून मास्तर ताठ बसले. "२६ जुलै?" आमच्या शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम काढला तोही २६ जुलैचाच, १९०२ चा. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला असल्या योगायोगानं अंगात बळ येतं हे खरं.

मी म्हटलं, अडवूया की मग. टोल घालवलेलं गाव आहे हे, एक बस अडवता येईना? मास्तर म्हणाले, "एकोणीस जण कुठनं आणणार? आपण अडीच माणसं." पोरगी हसली, मला राग आला. मास्तरांचं पुढचं म्हणणं असं की, बस अडवली तर आतली माणसं शिव्या आपल्याला घालणार, आणि ती माणसंही रोज आपल्यासारखीच ताटकळलेली. मला अजूनही वाटतं अडवायला हवी होती. पण मतं दोनास एक पडली आणि आम्ही वही घातली.

शंभर पानी वही, वर पेनानं 'बस' असं लिहिलेली. ठरलं असं की रोज जिथनं चढतो तिथलं खरं तेवढंच लिहायचं. मास्तर मोबाईलवर बोलून ठेवायचे, मी रात्री उतरवून घ्यायची. एक पान जसंच्या तसं देते:

"सोमवार. ८.५० ची. ९.१७ ला आली. फूटपाथपासून अंदाजे ६ फूट. चढले. कंडक्टरनं कुबडी धरली.
मंगळवार. ८.५० ची आली नाही. ९.२५ ची थांबली नाही. मागनं रिकामी. रिक्षा ८०.
गुरुवार, मास्तर. दोन गाड्या एकदम. मागची आपली होती. कळेपर्यंत गेली.
शनिवार. ८.५० ची ८.५० ला!! फूटपाथला चिकटून. ड्रायव्हर चष्मेवाले. गाडी नंबर लिहायचा राहिला."

पोरीचं पान कोरं होतं. म्हटलं, अगं लिही की काहीतरी. ती म्हणाली, "मी आजवर एकदाबी सिटी बसमध्ये चढलो नाही. लिहू काय?" मग तिच्या पानावर आम्ही तेवढंच लिहिलं.

वही भरली तशी मला एक गोष्ट कळली, जी बावीस वर्षांत कळली नव्हती. मी कायम पायरीवर चिडायचे. पण वहीत जास्त करून वेळच होती. गाडी आलीच नाही, उशिरा आली, थांबली नाही. धडधाकट माणसाचं बिनबसचं अडत नाही असं नाही, पण त्याच्याकडं दुसरी वाट असते: चालत जाणं, लिफ्ट मागणं, शेजारच्याच्या मागं बसणं. आमची दुसरी वाट म्हणजे रिक्षा, आणि तिसरी म्हणजे घरी परत. म्हणून मी पाऊण तास आधी निघते. उभं राहून उभं राहून काखेत कुबडीचा वळ उठतो. उद्या पायरी जमिनीला टेकली आणि गाडीच आली नाही, तर ती पायरी घेऊन काय करू?

वहीची झेरॉक्स आणि निवेदन घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. ते दुसऱ्या मजल्यावर होतं, हे वेगळं सांगायला नको. पोरगी खाली थांबली, मास्तर आणि मी वर. साहेब वाईट नव्हते. चहा मागवला. निवेदन वाचून म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे हो, पण या मार्गदर्शक सूचना असतात." पोरीनं आम्हाला तयारी करून पाठवलं होतं, म्हणून मी सुरू झाले. २०१६ चा अपंग हक्क कायदा, त्याचं कलम ४१, त्यात बस थांब्यापासून गाडीपर्यंत सगळं वापरण्याजोगं करायचं लिहिलंय. साहेबांनाही कलम पाठ होतं. जुन्या गाड्यांत बदल करायचे ते 'तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडत असेल तिथं', हे त्यांनी बरोब्बर सांगितलं. कायद्यातली ती फट एवढी मोठी आहे की तिच्यातनं अख्खी बस जाते. मी म्हटलं, मग नव्या गाड्यांचं काय? १ मार्च २०२० पासून केंद्राचा मोटार वाहन नियम आहे, बसमध्ये अपंगांच्या राखीव जागा, धरायला दांडे, कुबड्या-काठी ठेवायची सोय, व्हीलचेअर चढवायची आणि बांधायची सोय. आणि मार्गदर्शक म्हणत असाल तर सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात हेच सांगितलंय, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, पाळावेच लागतील असे नियम करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन. त्यांनी अर्ज केला २००५ मध्ये. एकोणीस वर्षं.

साहेब म्हणाले, "नवीन ई-बस येणार आहेत, त्यात सगळं असंल." पीएम ई-बस सेवा ही योजना ऑगस्ट २०२३ ची, देशभरात १०,००० गाड्यांची, आणि त्यात कोल्हापूरचंही नाव आहे, हे खरं. पण त्या क्षणी मला साहेबांच्या खुर्चीत कंडक्टर दिसला. मागनं रिकामी येत्या.

निवेदनाची पोच मिळाली. आवक नंबर पडला. त्यापलीकडं काही नाही.

मग मी चष्मेवाल्या ड्रायव्हरला शोधायचं ठरवलं. ८.५० ला आलेला आणि फूटपाथला चिकटलेला एकमेव माणूस. दोन-तीन टपऱ्या पालथ्या घातल्यावर घावले. गाडीवाल्याकडनं शिकायचं होतं मला, त्यांना वाटलं तक्रार घेऊन आले. वही दाखवली तेव्हा निवांत झाले.

"ताई, मी काय मुद्दाम लांब लावतो म्हणता व्हय? थांब्यावर चार रिक्षा, दोन मोटरसायकली, एक केळीचा गाडा. गाडी काय डोक्यावर घिऊन फूटपाथला ठिवू? त्या शनवारी रिक्षावाले वर्दीला गेल्ते, म्हणून जागा घावली."

आणि वेळेचं?

"गाडी मोडली की बदली गाडी द्याय लागत्या. बदली असाय पाहिजे न्हवं? न्हाई, मग फेरी रद्द. मागच्या फेरीची माणसं पुढच्या गाडीत. मग मी थांबू कसा? दार लागंना. मग म्हणायचं काय तर मागनं येत्या."

म्हणजे ते वाक्य त्यांनाही दुसऱ्या कुणीतरी दिलेलं.

त्या संध्याकाळी बहिणीची शिवणकामाची टेप घेऊन मी थांब्यावर गेले. रस्त्यापासून बसची पहिली पायरी १७ इंच. हे माप गाडी थांबलेली असताना घेतलं, आणि कंडक्टर मला वेडी समजला. फूटपाथ ८ इंच. म्हणजे गाडी फूटपाथला लागली तर उरतात ९. माझ्या घरच्या जिन्याची पायरी ७ इंचाची. सतरा आणि नऊ. बावीस वर्षं मी फूटपाथवरून ८ इंच खाली उतरत होते, सहा फूट रस्ता ओलांडत होते आणि मग १७ इंच वर चढत होते.

लो-फ्लोअर गाडीचा मजलाच रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असतो, म्हणजे साधारण १६ इंच. आत पुढं पायऱ्या नाहीत. साध्या गाडीचा मजला ९०० मिलिमीटर, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असेल तर त्याहून वर. लो-फ्लोअर गाडी थांब्यावर एका अंगानं उंटासारखी जरा खालीही बसते, फूटपाथच्या बाजूला कलते, आणि मग दारातली फळी उघडली की व्हीलचेअर ढकलत आत. चेन्नईत अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वैष्णवी जयकुमार यांनी यासाठी मद्रास हायकोर्टाचे उंबरे झिजवले तेव्हा कुठं २०२४ मध्ये तिथं अशा गाड्या रस्त्यावर आल्या. पण गंमत बघा, ती गाडीही फूटपाथपासून सहा फुटांवर थांबली तर फळी रस्त्यावर पडते आणि चढ उभा होतो. नवी गाडी आली तरी केळीचा गाडा तिथंच.

एक खरं सांगते, "याचा म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना, सगळ्यांनाच फायदा होतो" असं निवेदनात लिहायचा मला कंटाळा आलाय. होतो, नक्की होतो. पण नुसता माझा झाला तर नाही चालणार का? ज्या गावात नसीमादीदींनी व्हीलचेअरवर बसून १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारखी संस्था उभी केली, तिथं निदान एवढं विचारायला हरकत नाही.

रिक्षावाल्यांशी बोलणी सगळ्यात अवघड गेली. थांब्याला लागूनच त्यांचा स्टॉप, पिढीजात. आपल्याकडं रिक्षा म्हणजे पोटच्या पोरासारखी सजवलेली, तिला हलवा म्हणायचं म्हणजे मुलगी मागण्यासारखं. मी ४० फूट मागितले, एका बसपुरते. सकाळी साडेआठ ते साडेनऊ. त्यातला एक जण, ज्यानं मला त्या दीड महिन्यात रोज नेलं होतं, तोच म्हणाला, "ताई, बस फूटपाथला लागाय लागली तर आमचं गिऱ्हाईक तुम्हीच न्हाई व्हणार." खरं होतं ते. मी म्हटलं, पावसाळ्यात येते की. तो हसला आणि म्हणाला, "बरं, पण रेघ मारा. रेघ नसंल तर उद्या दुसरा कोणतरी येऊन लावतोय."

रंग द्यायची परवानगी कुणाकडं मागायची यावर पुन्हा एक निवेदन झालं असतं. म्हणून आम्ही तालमीतनं फक्की आणली, कबड्डीच्या मैदानाला मारतात ती. केळीवाला आपणहून पलीकडं सरकला. त्याचा धंदा तिथं उलट वाढला, असं तो म्हणतो. मोटरसायकलवाले काही ऐकत नाहीत, त्यांना रोज सांगावं लागतं. वेळेचं काहीच सुधारलेलं नाही. ते आमच्या फक्कीनं होणारंही नाही.

पावसानं रेघ धुऊन जाते. गेल्या सोमवारी पोरीच्या वडिलांनी स्कूटरवरून फक्कीचा डबा आणि पोरगी दोन्ही आणली. तिला खुर्चीत बसवलं. ती काठानं खुर्ची सरकवत, एका बाजूला वाकून सरळ रेघ मारत गेली, कारण आमच्या तिघांत हात तिचाच स्थिर आहे. रिक्षावाले बघत उभे. ८.५० ची ९.०५ ला आली. चष्मेवाले नव्हते, दुसरे कुणी होते, त्यांनी रेघ बघितली, आरशात बघितलं आणि गाडी आत घेतली. फूटपाथपासून दीड वीत. मी दांडा धरला, उजवा पाय, मग डावा. बुटाचं टोक अडकलं नाही.

आत उभी राहून मी खाली बघितलं. पोरगी फक्कीनं पांढऱ्या झालेल्या हातानं मला निरोप देत होती. घंटी वाजली तशी ती कंडक्टरच्या सुरात ओरडली, "जावा तुम्ही! मागनं रिकामी येत्या!"